गिऱ्हाइकाच्या टेबलावर सून

(कळंबच्या बसस्टँडसमोरचं ‘कोकिळाबाई घरगुती भोजनालय’. दुपारची गर्दी ओसरली आहे. कोकिळा टेबलं पुसते आहे. तिची सून सुरभी पिशवी भरते आहे.)

कोकिळा : अन् बसली कोठी? त पंख्याखालच्या टेबलावर! नागपूरची गाडी लागलेली, लोकं दारात उभे, तहसीलचे साहेब हातात रुमाल घेऊन ताटकळून राह्यले, अन् माही सून सोताचं ताट वाढून घेऊन भाकर मोडून राह्यली! मले वाटलं, माह्या डोळ्यात काही गेलं.

सुरभी : साहेबांनी विचारलं मला, इथं बसू का. मी म्हटलं बसा. बसले ते समोर.

कोकिळा : बसले! अन् तू त्याइले म्हनते, मीठ द्या जरा इकडं! गिऱ्हाइकानं मीठ देल्लं तुले! तुहे सासरे, बापूजी असते त तोंड लपवून शेतात गेले असते.

सुरभी : कढीत कमी होतं.

कोकिळा : काय कमी होतं?

सुरभी : मीठ.

कोकिळा : माह्या कढीत? माह्या? यवतमाळहून लोकं गाडी करून येतेत या कढीसाठी, अन् तू मले मीठ शिकवते?

सुरभी : शिकवत नाही. आज पहिल्यांदा वेळेत समजलं, म्हणून सांगितलं.

कोकिळा : अन् मी मरून राह्यली होती तिकडं! या वयात तवा धरला म्या. एक भाकर जळली, एक थापता थापता फाटली. इकडं वाढू का तिकडं पानी देऊ? अन् तू आपली सावकाश. अशी सावकाश त नवरी बी जेवत नाई.

सुरभी : मुद्दाम सावकाश जेवले.

कोकिळा : मुद्दाम!

सुरभी : हो. घाईघाईनं त रोजच जेवते. तीन वाजता, गॅसच्या टाकीवर बसून, थंडी कढी अन् कडक झालेली भाकर.

कोकिळा : मंग? मी काय पुरनपोळी खाते? मी बी तेच खाते. तुह्या आधी कधी बसली का मी? सांग!

सुरभी : नाही.

कोकिळा : जो भूक घेऊन आला, त्याच्या आधी घरचा मानूस जेवला, त ते भोजनालय नाई. हॉटेल झालं ते. बापूजी गेले तवा हातगाडी लावली म्या येथी. झुनका-भाकर. पावसाचं, उन्हाचं. शेवटचं गिऱ्हाईक उठल्याबिगर घास नाई घेतला तोंडात. त्याच्यावर उभं आहे हे. तुह्या बीएच्या डिगरीवर नाई.

सुरभी : अमर जेवतात ना आधी. रोज. गरम.

कोकिळा : माहा पोरगा शेतात जाते!

सुरभी : अन् मी पहाटे उठून कणीक तिंबते, ते काय देवळात बसून?

कोकिळा : तोंड चालवून राह्यली! येऊ दे अमरले. अन् हे पिशवी कायले भरली?

सुरभी : राळेगावला जाते. आईकडे. पाचची एसटी आहे.

कोकिळा : उद्या चतुर्थी आहे!

सुरभी : माहीत आहे.

कोकिळा : चिंतामणी गनपतीले सारा जिल्हा येईन. चंद्र निंघाला का लोकं उपासाचे तुटून पडतेत येथी. तुले माहीत आहे अन् तू पिशवी भरते?

सुरभी : तुम्ही आहात. अमर आहेत. एक दिवस थापतील तेही.

कोकिळा : तो भाकर थापन? त्याले भाकर अन् शेनाची गवरी सारखीच. सुरभी, मले नाटकं नको दाखवू. काय झालं ते सांग.

सुरभी : सांगू? ऐकाल?

कोकिळा : बोल ना वं! तोंडाले कुलूप लागलं का आता?

सुरभी : पुण्याची एक बाई आली होती सकाळी. गाडीतून उतरली, ताट घेतलं. मला विचारलं, ताई, कढी-गोळे कसे असतात हो, आम्ही कधी खाल्ले नाही. आंबट असतात का, गरम खायचे का? मी म्हटलं, लोक म्हणतात, गरम चांगले लागतात.

कोकिळा : बरोबर त बोलली.

सुरभी : ती हसली. म्हणाली, तुम्हीच करता ना? लोक म्हणतात म्हणजे? आई, मी लग्न होऊन आली तेव्हापासून कढीतले हे डाळीचे गोळे वळून राह्यली. हात भाजले, नखं पिवळी झाली. अन् मला सांगता नाही आलं कसे लागतात. थंडे कसे लागतात ते सांगू शकते. ते कोणी विचारत नाही.

कोकिळा : एवढ्यासाठी? त्या पुन्याच्या बाईसाठी माहं नाक कापलं?

सुरभी : चाखूही देत नाही तुम्ही.

कोकिळा : उष्टं होते! गिऱ्हाइकाले उष्टं वाढू? माह्या हाताले समजते मीठ. जिभेचं काम नाई.

सुरभी : मले भूक लागत नाई का, आई? वासानं पोट पिळवटते माहं. लोकं बोटं चाटतेत अन् मी त्याइचं ताट उचलते. घरगुती जेवन म्हनतेत ना बोर्डावर? त घरच्या बाईनं एक दिवस खाल्लं!

कोकिळा : आवाज खाली कर. शेजारी आयकून राह्यले.

खातूनबी : (शेजारच्या गॅरेजवाल्याची बायको, दारातून आत येत) सुन रई ना मैं! कब से सुन रई. ए कोकिळा, काय झालं गे? गॅरेजपर्यंत आवाज येऊन राहिला. साजिद के अब्बा बोले, जा के देख, मारपीट तो नई हुई.

कोकिळा : ये खातूनबी, बस. चांगली आली. तू शेजारीन, तूच सांग हिले. आज भर गर्दीत...

खातूनबी : मेरे कू मालूम. हमारे वो इधरच थे ना खाने कू. आ के बोले, कोकिळाबाई की बहू को खाते देखके मैंने एक भाकर ज्यादा खाई.

कोकिळा : झालं! साऱ्या मोहल्ल्यात झालं! तुह्या नवऱ्यानं, निजामुद्दीनभाईनं बी पाह्यलं!

सुरभी : जास्त खाल्ली म्हणतात, आई. कमी नाही.

कोकिळा : तू चूप. खातूनबी, खरं सांग. तू जेवते का तुह्या नवऱ्याच्या आधी? टेबलावर? पंख्याखाली?

खातूनबी : तौबा! टेबल पे कैसे बैठूँगी मैं?

कोकिळा : आयकलं? आयकलं का सुरभी?

खातूनबी : मैं तो चूल्हे के पासच खाती. पहली रोटी. उतरी, घी लगाया, मोडी अन् मुँह में. खड़े-खड़े.

कोकिळा : काय?

खातूनबी : शादी के दूसरे साल से. उनकू आज तक नई मालूम.

कोकिळा : चोरून खाते?

खातूनबी : अपने घर में चोरी कायची गे? मैंने बेली, मैंने सेंकी. पूरे घर में उतनीच तो रोटी मेरी है. तू नई खाती?

कोकिळा : मी कायले खाऊ?

खातूनबी : एक बी बार नई?

कोकिळा : नाई म्हनलं ना!

खातूनबी : मायके में?

कोकिळा : मायकेत आठ भाऊ-बहीन. आई वाढाची तवा उरलं त आपलं. मंग सासर. मंग हातगाडी. मंग हे.

खातूनबी : या अल्ला. फिर तेरी कढी गरम कैसी लगती, तेरे कू मालूमच नई?

कोकिळा : लोकं सांगतेत ना.

सुरभी : मी पण त्या बाईला हेच म्हटलं.

कोकिळा : ...माहं येगळं आहे.

सुरभी : काय वेगळं आहे?

कोकिळा : येगळं आहे म्हनलं ना! मले सवय आहे. सवय झाली का काही लागत नाई.

सुरभी : मला नाही करायची ती सवय. म्हणून चालली.

खातूनबी : ए बेटा, बैठ जरा. गुस्से में बस में नई बैठना.

सुरभी : बसते, चाची. एका अटीवर.

कोकिळा : अटी घालते! माह्या दुकानात!

सुरभी : कढी आहे अजून पातेल्यात. गॅस लावते. गरम भाकर थापते एक. तुम्ही बसा, कुठंही बसा, मी वाढते. पूर्ण जेवा. अन् मग माझ्याकडं बघून सांगा, सुरभी, तू आज चुकली. तुम्ही म्हटलं की मी पिशवी ठेवते. उद्या चतुर्थीला पहाटेपासून उभी राहते. पुन्हा कधी टेबलावर बसणार नाही. शब्द आहे माझा.

कोकिळा : मले भूक नाई.

खातूनबी : झूठ मत बोल. सुबह से चाय पे है तू.

कोकिळा : कोनी आलं त? मी अशी बसलेली पाह्यली त?

खातूनबी : मैं दरवाजे पे खड़ी रहती. कोई आया तो बोलती, बंद है. जा, बैठ.

कोकिळा : दोघी मिळून मले वेडी करून राह्यल्या. घे, बसली. येथी, भिंतीपाशी. आन काय आनते ते. पन मी म्हननारच आहे, चुकली. ध्यानात ठेव.

सुरभी : म्हणा. आधी जेवा.

कोकिळा : कमी वाढ. एवढं कायले? भाकर बी पुरी? अर्धी दे.

सुरभी : गिऱ्हाइकाला अर्धी देता का तुम्ही?

कोकिळा : लय शानी आहे. ठेव.

खातूनबी : अरे खा ना, देख क्या रई? ठंडी हो जाएगी.

कोकिळा : खाते ना. पाह्यत नोका राहू माह्या तोंडाकडं दोघी. लाज येते.

सुरभी : नाही पाहत.

कोकिळा : ...आई गं!

सुरभी : काय झालं? तिखट लागलं?

कोकिळा : नाई.

सुरभी : मग? सांगा ना, आई. मी चुकली का?

कोकिळा : थांब ना वं. जीभ पोळली.

सुरभी : फुंकून घ्या ना थोडं.

कोकिळा : फुंकाची सवय नाई मले.