ढोलापुरतं पोट

...नाही नाही, अभिनंदन नको! जो भेटतो तो म्हणतो, "वा, काय बारीक झालात!" अहो, बारीक झालो म्हणूनच तर वाट लागली माझी! तुम्हाला सांगतो, मी बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो. वाजवतो म्हणजे... वाजवायचो. आता मोठा ढोल टेकतो कशावर? पट्ट्यावर? छे, पट्टा नावाला! ढोल टेकतो पोटावर! आणि माझ्या पोटावर ठेवला की चढ असो, उतार असो, पुढचा ट्रम्पेटवाला मध्येच थांबो, ढोल जागचा हलायचा नाही. बँडमास्तर नव्या लोकांना दाखवायचे, "हे बघा, याला म्हणतात बैठक!" मान होता हो पोटाला, मान!

आणि मग निघाली साखर. डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन दिलं, आणि टोचायचं कुठे? पोटात! ज्याच्या जिवावर जगलो, त्यालाच सुई! भूक अशी पळाली की बायकोनं ताट पुढे ठेवावं आणि मी त्याच्याकडे अनोळखी माणसासारखं बघावं. मग बाईंनी मला अनवाणी एका यंत्रावर उभं केलं. ते यंत्र नुसतं वजन सांगून गप्प बसत नाही, चरबी किती, स्नायू किती, सगळ्या चहाड्या करतं! बाई खूश. "बघा, आतली चरबी उतरली! यकृताभोवतीची, तीच घातक!" म्हटलं, बाई, आतली खुशाल न्या, बाहेरची तेवढी ठेवता येईल का... ढोलापुरती? तर म्हणाल्या, "साखर उतरली ना? मग झालं तर!"

झालं कसलं! पुढच्याच मिरवणुकीत ढोल सरकला. पोटावरून मांड्यांवर, मांड्यांवरून गुडघ्यांवर... आणि पँटही त्याच वाटेनं निघालेली! एका हातात काठी, एका हातात पँट, ताल धरू कशानं? घरी बायकोला सांगितलं तर तिचं तेच, "साखर उतरली ना? मग झालं तर!" वर तिनं पोटाला उशी बांधून दिली. उशी कुठे पडली? भर चौकात! गर्दीतून एकजण ओरडला, "मुलगा की मुलगी?" बँडमास्तरांनी तिथल्या तिथे ढोल काढला माझ्या गळ्यातून आणि दिला कोणाला? माझ्या साडूला! तो झांजा वाजवायचा. झांजा माझ्याकडे, ढोल त्याच्याकडे. पोट होतं ना त्याच्याकडे, भरलेलं, ऐसपैस!

रडलो हो मी, खोटं कशाला बोलू? पण झांजा वाजवता वाजवता बघतो तर काय... साडू घटाघटा पाणी पितोय. मिरवणूक थांबली की हा आडोशाला पळतोय. पुन्हा पाणी, पुन्हा आडोसा! मी ओळखलं, म्हटलं, साडूभाऊ, साखर तपासून घ्या. तर हा काय म्हणतो? "जळू नका, साडूभाऊ!" बायकोला सांगितलं, तर ती कमरेवर हात ठेवून, "शोभतं का? माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या पोटावर डोळा!" बँडमास्तर म्हणाले, "तुझी उतरली ना साखर? मग झालं तर!" आता सांगा, मी खरं बोललो तरी पंचाईत, गप्प बसलो तरी पंचाईत!

आणि एक दिवस ऐन रंगात साडू डुलायला लागला. लोकांना वाटलं, काय तल्लीन झालाय! मी झांजा फेकल्या. जीवच घाबरला हो माझा! ढोल गेला खड्ड्यात, हा माणूस राहायला पाहिजे! ढोलासकट त्याला रिक्षात कोंबला आणि बाईंसमोर उभा केला. साखर बघून बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "बरं झालं वेळेवर आणलंत."

वाचला साडू! मग त्यालाही तेच इंजेक्शन, तीच सुई, तेच पोट. तुम्हाला वाटेल, आता ढोल माझ्याकडे परत आला? अहो कशाला! दोघांचीही पोटं गेली, म्हणून बँडमास्तरांनी ढोलाला चाकाची गाडीच करून घेतली. साडूला अजून मळमळतं, म्हणून तो गाडीवरच बसून वाजवतो. आणि ढकलतो कोण? मी! चढावर हा मागे वळून मला म्हणतो, "साडूभाऊ, जरा ताल सांभाळून ढकला!" बाईंकडे तक्रार घेऊन गेलो, तर त्यांनी परत यंत्रावर उभं केलं आणि टाळीच वाजवली, "वा, दंडाचे स्नायू वाढलेत! साडूंना काही झालं तरी खाली उतरू देऊ नका!"

...काय करता! ढकलतोय.