आई माझी, प्रकल्प त्याचा

आता तू कॉपीचा विषय काढलास म्हणून आमचा संजा आठवला बघ. शिरोळचा, कॉलेजात माझ्या एक वर्ष मागं. हुपरीच्या चांदीकामावर मी प्रकल्प लिहिला होता, तो यानं "नुसता बघतो ताई" म्हणून नेला आणि नाव बदलून आपला म्हणून देऊन टाकला.

तोंडी परीक्षेला मॅडमनी विचारलं, "तुझी आई पैंजणाला घुंगरं जोडते?"

"न्हाय मॅडम, आमचा ऊस हाय."

"मग 'माझी आई घुंगरं जोडते' असं लिहिलंयस, ती कुणाची?"

मॅडमना माझा आदल्या वर्षीचा प्रकल्प आठवला. त्यांनी मला बोलावून घेतलं, तर हा माझ्यावरच उखडला. "माहिती काय हिच्या मालकीची हाय व्हय? हुपरीत कुणालाबी विचारा, हेच सांगतील!"

"मग जा की विचारायला!" मी म्हटलं.

सगळे म्हणत होते, मिटवून टाक, पोराचं वर्ष जाईल. मी हटले नाही. घुंगरं डाग देऊन जोडताना माझ्या आईची बोटं भाजायची, आणि हा म्हणतोय कुणालाबी विचारा! वर्ष गेलंच त्याचं.

पुढच्या वर्षी मात्र खरंच हुपरीत घरोघर हिंडला. एकदा आमच्याच सोप्यात चहा पीत बसलेला दिसला.

"काय रे, सगळे तेच सांगतात का?"

"एकानं तेच सांगितलं असंल तर शपथ, ताई!"

तेवढ्यात आतनं आईचा आवाज आला, "आणि माझं नाव घातलंस न्हवं रं?"