दिल्लीहून बोलावणं

आमच्या हिचा नेम तुम्हाला ठाऊकच आहे, बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. लोकसभेच्या वेळी घोडेगावच्या आमच्या वस्तीवर एकही उमेदवार फिरकला नाही. ही म्हणाली, "मी न्हाई जायची मत द्यायला. बोलावलंय कुनी?"

आमची सून शाळेत शिकवते. ती म्हणाली, "आत्याबाई, उमेदवार कोण बोलावणारे? आपल्या राष्ट्रपतीबाई अधिसूचना काढतात, सगळ्या मतदारसंघांना सांगतात, तुमचा खासदार निवडून द्या."

"म्हंजी थेट दिल्लीहून? अन् एका बाईनं बोलावलंय?"

ठेवणीतलं लुगडं नेसून ही माझ्याआधी केंद्रावर हजर.

परवा नातीच्या लग्नाच्या पत्रिका लिहायला बसलो. ही म्हणाली, "पहिली देवाला, दुसरी दिल्लीला. त्यांनी बोलावलं तवा आपन गेल्तो."

मी दुसऱ्या पत्रिकेवर राष्ट्रपतींचा पत्ता लिहिला.