अनसामायची मागची खोली

मंडळी, अनसामायच्या शोकसभेले तुमी एवढे जण आले. ओट्यावर जागा पुरली नाही, अर्धे लोक आंगणात उभे हायेत. अनसामायले हे पाहून बरं वाटलं असतं. नाहीतर रागही आला असता, तिचा नेम नव्हता. मले भाषण जमत नाही. मी पंक्चर काढणारा माणूस. अन् आज डोस्कंही तापते, त सांभाळून घ्या.

माझ्या आधी तिघं बोलले. तिघांनीही म्हटलं, माय मोठ्या मनाची होती. होतीच! मंग एवढ्या मोठ्या मनाच्या बाईच्या ओट्यावर बसणं तुमी काहून सोडलं होतं?

बाहेरगावच्या पाहुण्याइले सांगतो. सुदाम माझ्या सायकलच्या दुकानात कामाले हाये. वाकड्या चाकाचा आउट काढते, चेन बसवते. त्याले मनाचा आजार हाये. नागपूरच्या दवाखान्यात राहून आला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा अन् राहाले एक पक्की जागा पाहा. गोळ्या भेटल्या. जागा?

सख्खा भाऊ म्हणाला, "पोरीची सोयरीक जमून राहिली, याले घरात कसा ठेवू?" मंग मी अन् सुदाम खोली पाहाले निघालो. लाखांदुरात एक गल्ली सोडली नाही. एका घरी खोली रिकामी होती. सुदामचं नाव आयकलं अन् तिथं धान भरलं म्हणे! उन्हाळ्यात कोणतं धान भरलं, बापा? दुसरीकडं म्हणाले, आमच्या घरी लेकीबाळी हायेत. तुमच्या लेकीबाळी याच सुदामकडून सायकलीत हवा भरून नेतात, तवा नाही भेव वाटत? माझे घरमालक समोरच बसले हायेत. राग नोका मानू, मालक. तुमी म्हणाले होते, "तो पागल माझ्या दारात दिसला त तुमचंही बिऱ्हाड रस्त्यावर." म्हणाले होते का नाही?

सरकारी ऑफिसातही गेलो. साहेब म्हणाले, घरकुल कुटुंबाले भेटते, एकट्या माणसाले नाही. आधी याचं लग्न करा. मी म्हटलं, साहेब, बिनघराच्या माणसाले पोरगी कोण देते? साहेब हसले. चहा पाजला अन् पाठवलं वापस.

अरे, दिवाळीनंतर आपल्या गावची मंडई भरते, जत्राच म्हणा ना. नाटक पाहाले पाहुण्याचा पाहुणा येते, त्याच्या मागं त्याचा साळा येते. साऱ्याइले आपण धानाच्या तनसावर आथरून टाकून झोपवतो. कोणाले विचारतो का, बापू, तुझं डोस्कं ठीक हाये का? तवा घर मोठं होते आपलं. एका सुदामले मात्र जागा पुरत नाही!

माय एक दिवस दुकानासमोर थांबली. म्हणाली, "माही मागची खोली रिकामी हाये. पाठव त्याले." बस. एवढंच बोलली अन् चालली गेली. सुदाम तिथं राहाले आला अन् तुमी तिच्या ओट्यावर बसणं सोडलं.

सुदाम संध्याकाळी मोठ्यानं बोलते. कोणाशी बोलते, त्याचं त्याले ठाऊक. शेजारी म्हणत, माय, याले चूप कर नाहीतर बाहेर काढ. माय चुलीजवळूनच आवाज द्यायची, "हो बापू, आयकून राहिली मी." थोड्या वेळानं तो गप व्हायचा, जेवाले बसायचा. मी एकदा विचारलं, माय, तो तुझ्याशी थोडीच बोलते, तू कायले हो म्हणते? माय म्हणाली, "माणूस बोलून राहिला अन् घरातून हू का चू नाही, त त्याले घर कायले म्हणाचं?"

आता माय गेली. तिचे पुतणे गजाननराव तुमसरहून आले. तेरवी झाली की घराले कुलूप लावतो म्हणतात. घर त्याइचं हाये, हक्क त्याइचा हाये. मी कोण बोलणारा? पण मले एक सांगा. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सुदामनं वळकटी घेऊन जाचं कुठं? मोठ्या मनावर तिघं बोलले, यावर कोणीच काहून बोललं नाही?

आता दोन मिनिटं शांत उभं राहाचं हाये. ते तुमाले जमते. मी खोली मागत फिरत होतो, तवाही सारं गाव शांतच होतं. सुदामले नाही जमत. तो पाहा, तिथं आंगणाच्या दाराशी चपलांजवळ बसला हाये. "आत ये" म्हणासाठी कोणाची जीभ उचलली नाही. तो मधातच बोलन. त्याले चूप करू नोका. तो बोलला अन् या आंगणात कोणाच्या तोंडून "हो बापू" निघालं, त मी समजीन, खोली भेटली. त्याची वळकटी आजच सायकलवर बांधून तुमच्या घरी आणतो.

अनसामाय, तुले माहा रामराम.

उठा, मंडळी. सुदाम, तू आत ये.