बिट्टीची रोजची तपासणी

मी, मुलीची आत्या, वय ४३, धंदा शिवणकाम, राहणार भावाच्या घराचा वरचा मजला, विमानतळाच्या पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

बिट्टी, वय ९, ही माझ्या भावाची मुलगी. तिला ऑटिझम आहे. अनोळखी माणसाचा हात लागला की ती जमिनीवर आडवी पडून किंचाळते, तासभर उठत नाही. भाऊ-वहिनी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आधीच गेलेत. तिला तिकडे पोहोचवणं माझ्याकडे होतं.

विमानतळावरच्या तपासणीची सवय व्हावी म्हणून मी एकवीस दिवस घरी तालीम घेतली. कापडं कापायचं टेबल म्हणजे सामानाचा सरकता पट्टा, धुण्याचा टब म्हणजे ट्रे, दाराची चौकट म्हणजे यंत्र. पोलीस मी. भावाच्या जुन्या शर्टाला खांद्यावर पट्ट्या शिवल्या. "हात वर" म्हणायचं, लाकडी पट्टी अंगावरून फिरवायची, दहा आकडे मोजायचे. पहिले आठ दिवस तिनं घर डोक्यावर घेतलं. मग जमलं. मी मनातून फुशारले, हे खरं.

आज सकाळी ९.४० वाजता बिट्टी चौकटीतून अगदी शहाण्यासारखी गेली. मी तिच्या मागे होते. ड्यूटीवरच्या बाईंनी सहज विचारलं, "कुणाबरोबर आलीस गं?"

"पोलीस."

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही आई का तुझी?"

"नाही."

"मग घरी काय करते ही?"

"हात वर करायला लावते. तपासते. रोज. रडलं तरी."

बाईंनी माझं मनगट धरलं. मी भावाचं पत्र, डॉक्टरांचा दाखला दाखवला. त्या म्हणाल्या, "कागद काय, कुणीही करून आणतं." त्यांच्या जागी मीही सोडलं नसतं. तरी माझं डोकं फिरलं आणि "तुम्हाला मुलंबाळं आहेत का?" असं मी बोलले. ते चुकलं.

१०.०५ ला बिट्टीला दुसऱ्या खोलीत नेलं. भावाचा फोन लागेना. विमान १०.५० ला गेलं. वहिनीनं ११.१५ ला व्हिडिओ कॉलवर मला ओळखलं, सगळं सांगितलं. बाईंनी माफी मागितली. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

न विचारलेली एक गोष्ट सांगते. बिट्टीला नेताना बाईंना ओढावं लागलं नाही. त्या "चल" म्हणाल्या, तिनं त्यांच्या हातात हात दिला आणि गेली. मागे वळून पाहिलं नाही. तिच्या किंचाळण्यानं आम्ही आजवर वैतागत आलो. आज ती किंचाळेल म्हणून मी दारापाशी कान देऊन उभी होते. आवाज आला नाही. त्या बाई खऱ्या पोलीस होत्या, म्हणून निभावलं. आता गणवेशातला कुणीही चल म्हणाला तर ती जाईल. ते मी शिकवलंय. ते कसं विसरायला लावायचं, मला माहीत नाही.

मजकूर मला वाचून दाखवला, सांगितला तसाच उतरला आहे. शेवटचा परिच्छेद प्रकरणाशी संबंधित नाही, गाळू का, असं मला विचारण्यात आलं. गाळू नये.