मागची सीट

जबाब देणार: वय ४३ वर्षे, धंदा गाड्यांची सीट कव्हरं शिवणे, राहणार बस डेपोमागची गल्ली, दुकानाच्या वरचा मजला.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी पतीसह राहते. पती तारेचं कुंपण घालण्याची कामं घेतात. शेजारच्या घरात धाकटे दीर आणि जाऊ राहतात. दीर लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, त्यामुळे बहुतेक बाहेरच असतात. जाऊ जनावरांची डॉक्टर आहे.

आमची एक एटीव्ही आहे, म्हणजे डोंगरात चालणारी, मोटारसायकलसारखं बसायची चारचाकी; हिरवी, सहा वर्षं जुनी. डोंगरावर खांब आणि तारेची भेंडोळी न्यायला घेतलेली. सुट्टीच्या दिवशी त्याच गाडीवरून आम्ही दोघं जंगलवाटांनी फिरायचो. मी मागे बसायचे. मागची सीट मीच शिवली आहे, पाठीला टेक देऊन. मध्यंतरी माझी कंबर धरली. तेव्हापासून पती म्हणतात, "तुला आता झेपायचं नाही." कंबर केव्हाच बरी झाली. हे मी त्यांना सांगितलेलं आहे.

चार महिन्यांपूर्वी जाऊने वरच्या वस्त्यांवर जनावरं तपासायला जाण्यासाठी स्वतःची एटीव्ही घेतली. लाल. तिला पॉवर स्टीअरिंग आहे, त्यामुळे दगडात हँडल हाताला झटके देत नाही. आमच्या गाडीचं देतं. उतारावर तिची गाडी आपोआप आवरून धरते. आमच्या गाडीचं विंच, म्हणजे तार गुंडाळून ओढायचं यंत्र, जास्त ओझं ओढतं आणि खडकावर तिचं पोट घासत नाही. लाल गाडीचं घासतं. मला यातलं कुणी मुद्दाम सांगितलेलं नाही. रोज जेवताना हेच चालू असतं, म्हणून पाठ झालं आहे.

दर रविवारी पती आणि जाऊ आपापली गाडी घेऊन जातात. कुठली गाडी कुठे सरस, ते बघायला, असं दोघं सांगतात. चार महिन्यांत ते ठरलेलं नाही.

आज सकाळी आठला दोघं धरणाच्या वरच्या वाटेने गेले. जेवायला येतो म्हणाले होते. मी ताटं मांडली होती. चार वाजले तरी आले नाहीत, फोन लागेनात. दीर रात्रीच ट्रक घेऊन परतले होते आणि झोपले होते, त्यांना मी उठवलं. ते म्हणाले, "येतील हो वहिनी." मी त्यांना घेऊन इथे आले.

पतीच्या अंगावर काय होतं असं विचारल्यावरून सांगते की, राखाडी शर्ट आणि निळी जीन्स. शर्टाला इस्त्री होती. जाऊच्या अंगावर काळं जॅकेट, कोपरांना पिवळे पॅड, पायात घोट्यापर्यंतचे नवे बूट, केस परवाच खांद्यापर्यंत कापलेले. ठाणे अंमलदार म्हणाले, एवढं पुरे. हसताना उजव्या गालाला खळी पडते, तेही लिहून घ्या, असं मी सांगितलं.

दोघांचे संबंध कसे आहेत असं विचारल्यावरून सांगते की, चांगले आहेत. ती त्यांना भाऊजी म्हणते. पती तिच्याशी बोलताना हसतात. घरात ते कमी बोलतात. यावर शेजारी बसलेले दीर म्हणाले, "वहिनी, हे कशाला सांगताय? काही अपघात तर झाला नसेल ना, ते आधी बघू." त्यानंतर ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले आणि बायकोला सारखा फोन लावू लागले.

सहाच्या सुमारास, रेंज मिळाल्यावर, जाऊचा दिरांना फोन आला. आमच्या गाडीचा, इंजिनावरून चाकं फिरवणारा बेल्ट तुटला होता. गाडी वरच्या खिंडीत सोडून दोघं लाल गाडीवरून निघाले होते. दिरांनी त्यांना इकडेच बोलावलं.

ते आले तेव्हा मी खिडकीशी होते. जाऊ चालवत होती, पती मागे होते. त्यांचे दोन्ही हात मागच्या कॅरिअरला होते. फाटकापाशी खड्डा आहे, तिथे गाडी आदळली. तेव्हाही हात तिथेच होते.

पती आत येऊन म्हणाले, "पोलिसात कशाला आलीस? बेल्ट तुटला, एवढंच."

मी म्हटलं, "फोन तिच्या नवऱ्याला गेला."

"माझा फोन बंद पडलाय."

"माझा नंबर पाठ नाही का?"

जाऊ म्हणाली, "ताई, मी तुम्हालाच लावत होते. भाऊजी म्हणाले, तिला नको, ती उगाच डोक्यात घेईल." पती तिच्याकडे बघत राहिले. त्यांना ती असं बोलेल असं वाटलं नसावं. गाडी ढकलून तिच्या हातांना फोड आले होते. मी तिला पाणी दिलं.

पती म्हणाले, "उद्या आम्ही दोघं जाऊन गाडी घेऊन येऊ."

अंमलदारांनी गाडी कोणाच्या नावावर आहे ते विचारलं. गाडी माझ्या नावावर आहे.

तरी मी सांगते की, माणसं सापडली असल्याने हरवल्याची तक्रार पुढे चालवायची नाही. उद्या सकाळी नवा बेल्ट घेऊन मी आणि जाऊ खिंडीत जाणार आहोत. बेल्ट बसवायला तिला येतं. परत येताना हिरवी गाडी मी चालवणार आहे. पतींनी येण्याची गरज नाही. लाल गाडीवर दोघांपुरतीच जागा आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तेव्हा पती आणि दीर बाहेर बाकावर होते. जाऊ माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होती. मी सांगितलं तसंच लिहिलेलं आहे, एक शब्दही काढायचा नाही. म्हणून सही केली.