पहिल्या घोटाला ओळखलेली बिअर

मिलवॉकीच्या जत्रेत तळलेल्या चीजच्या रांगेत माझ्यापुढे दोघे मित्र उभे होते. त्यातल्या अर्विनच्या छातीवर घरगुती बिअरच्या स्पर्धेच्या परीक्षकाचा बिल्ला होता.

“डेल, तुझी बिअर मी पहिल्याच घोटाला ओळखली! बाटल्यांवर नुसते आकडे होते, पण ती संत्र्याची साल आणि ते धणे लपतात होय? उगाच मित्राला झुकतं माप नको, म्हणून सरळ टेबलावरून उठलो.”

“माझी? अरे, मी यंदा बाटलीच दिली नाही.”

“थापा मारू नकोस! कृती तुझीच होती.”

“कृती माझीच. ती तुझी लोरेटा घेऊन गेली.”

“लोरेटा? बिअरच्या नुसत्या वासानं तिचं डोकं उठतं!”

“तुझ्या बिअरच्या.”

“गप रे, निकाल सांगतायत!”

“गव्हाच्या बिअरमध्ये पहिला नंबर,” स्पीकर खरखरला, “लोरेटा नोवाक!”

“अरे देवा! पहिला! माझ्या बायकोचा! बरं झालं बाबा, उठलो ते! पण डेल, माझ्याच घरात तिनं ही उकळली कधी?”

“तू दर शनिवारी चवी ओळखायच्या क्लासला जायचास ना? तेव्हा.”